दळण विभागातील

वाक्य चांगले होते. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर, काखेत इस्त्रीचे कपडे सांभाळत, पत्रपेटीतून नुकतेच काढलेले पाकीट दातांनी फोडून मी ते वाचले, आणि मनात सर्वांत आधी उमटले ते कौतुक. ‘ओले दळण आले आणि धूळ या उद्योगाच्या इतिहासात जमा झाली.’ सरकारी कागदावर असे वाक्य सहसा भेटत नाही. तिथली वाक्ये लंगडत निघतात, वाटेत भेटेल त्या विशेषणाला धडकतात आणि क्रियापदापर्यंत पोहोचेतो कशासाठी निघालो होतो तेच विसरतात. हे मात्र तोलून लिहिलेले होते. मध्यावर श्वास घेत होते आणि शेवटच्या शब्दावर पाय रोवून उभे राहत होते. कोणाचे असावे, असा विचार करीत मी आणखी चार पायऱ्या चढलो. पाचव्या पायरीवर कळले की ते माझे आहे. खाली तळटीपेत पुस्तकाचे नाव होते, आवृत्ती होती, पान एकशे बारा होते. तळटीप निर्दोष होती. चाळीस वर्षे शिकवूनही माझ्या फार थोड्या विद्यार्थ्यांना इतकी निर्दोष तळटीप देता आली.

घरात येऊन कपडे खुर्चीवर ठेवले आणि कागद पहिल्या ओळीपासून वाचला. तो ताईच्या नावे होता. भाचीने त्याची झेरॉक्स मला धाडली होती. व्यवसायजन्य आजारांच्या निर्णय मंडळाने कळवले होते की, अर्जदार महिलेच्या फुप्फुसांचा आजार चिनी मातीच्या कारखान्यातील कामामुळे झाला असे मानण्यास आधार नाही, कारण अर्जदार नोकरीस लागण्याच्या सहा वर्षे आधीच कारखान्यातील धूळ संपुष्टात आल्याचे या विषयावरील अधिकृत ग्रंथावरून दिसून येते. सबब टेकडीवरच्या छातीच्या रुग्णालयात कामगारांसाठी राखीव असलेल्या खाटेस आणि घरी ठेवावयाच्या प्राणवायूच्या यंत्रास अर्जदार पात्र नाही. अपील तीन आठवड्यांच्या आत. समासात भाचीच्या तिरक्या अक्षरात एकच ओळ होती: ‘मामा, वाचून घ्या, तुमचंच आहे.’

मी फोन लावला. तिने उचलला तो बोलायला सुरुवात करूनच.

“वाचलंत? छान लिहिता तुम्ही, मामा. आईला चार पायऱ्या चढल्या की दम लागतो. तुमच्या वाक्यात कुठ्ठे दम लागत नाही.”

“ते वाक्य मी वेगळ्या संदर्भात—”

“संदर्भ घरी ठेवा. एकवीस तारखेला अपील आहे, अकरा वाजता. येणार का? की त्या दिवशी परिसंवाद आहे कुठे?”

“ताईला माहीत आहे का, की ते वाक्य माझं—”

“माहीत? पाठ आहे तिला. तो नकार आल्यापासून शेजारपाजारी सांगत सुटलीये, बघा, सरकारसुद्धा माझ्या भावाचा दाखला देतं म्हणून. मी डोकं आपटू कुठे, सांगा.”

कुठे आपटावे याविषयी माझ्याकडेही निश्चित माहिती नव्हती. फोन ठेवल्यावर मी हात धुतले, का ते सांगता येणार नाही, आणि पुस्तक काढले. माझे पहिले पुस्तक, प्रबंधाचे झालेले. त्या टापूतल्या चिनी मातीच्या उद्योगाचा साद्यंत इतिहास, असे त्याच्या वेष्टनावर म्हटले आहे, आणि वेष्टनावरच्या मजकुराला न शोभेल इतके ते खरे आहे. नदीकाठचा कोळसा, टेकडीतली पांढरी माती आणि दोघांच्या मध्ये रिकाम्या हातांची एक वस्ती, एवढ्या भांडवलावर उद्योग कसा उभा राहिला, ते मी दाखवून दिले होते. आधी छपरांची कौले, मग सांडपाण्याचे नळ, मग बरण्या, मग विजेच्या खांबांवरच्या पांढऱ्या टोप्या, आणि अखेर ज्यांतून उजेड आरपार दिसतो असे पातळ कप. गोल भट्ट्या जाऊन बोगद्याची भट्टी आली. तिच्यातून गाडे रात्रंदिवस सरकत राहिले आणि उत्पादन नऊ वर्षांत तिप्पट झाले. ‘वाढ’ नावाच्या प्रकरणात मी तिचा आलेख काढला होता. ती रेघ डावीकडून उजवीकडे इतक्या आत्मविश्वासाने चढते की तिच्याकडे पाहून कोणालाही वाटावे, ती आपोआप चढली.

तळाच्या खणात प्रबंधाची टिपणे होती. विद्वानांना काही टाकवत नाही; हा त्यांचा सद्गुण नव्हे, आळस आहे. कारखान्याच्या त्या वर्षीच्या अहवालातून उतरून घेतलेला मजकूर मला अर्ध्या तासात सापडला. ‘गारगोटी पाण्याखाली दळण्याची यंत्रे बसविल्यामुळे दळण विभागातील धूळ जवळजवळ नाहीशी झाली आहे.’ दळण विभागातील. मी ते दोन शब्द तीनदा वाचले. मग माझा कच्चा खर्डा काढला. खर्ड्यात ते होते. ‘ओले दळण आले आणि दळण विभागातील धूळ’ असे लिहून मी ते दोन शब्द एका आडव्या रेघेने खोडले होते. रेघ सरळ होती. कारण उघड होते: ‘दळण’ दोनदा येत होते आणि वाक्य मध्यावर वाकत होते. वाक्याची लय सांभाळण्यासाठी मी एका कारखान्यातील अकरा खाती स्वच्छ करून टाकली. ज्या कंपनीविषयी माझ्या मनात जन्मभर तिरस्कार होता, तिचा अहवाल माझ्याहून प्रामाणिक निघाला. आणि कंपनीने मंडळापुढे स्वतःचा अहवाल ठेवला नाही, माझे पुस्तक ठेवले. ठेवणारच. मी तिच्या जागी असतो तर मीही तेच केले असते.

दळणात धूळ नव्हती, हे खरेच होते. पण पातळ भांडे पहिल्या भाजणीत मऊ पडते आणि आपल्याच वजनाने वाकते. म्हणून प्रत्येक बशी अग्निमातीच्या गोल डब्यात, गारगोटीच्या पुडीच्या गादीवर, पुडीतच पुरून भाजत असत. ही पूड पाण्याखाली दळलेल्या गारगोटीचीच. ओली दळायची, मग कढयांत सुकवायची आणि पुन्हा पिठासारखी मोकळी करायची, असा तो प्रकार होता. पूर्वीपेक्षा अधिक बारीक, अधिक हलकी. भाजणी झाली की बश्यांना चिकटलेली ही पूड राठ ब्रशाने झाडून काढायची. त्यासाठी ब्रशखाते होते. ब्रशखात्यात बायका होत्या. एका लांब ओट्याशी पाठीला पाठ लावून त्या बसत. डाव्या हातात बशी, उजव्या हातात ब्रश, आणि दिवसाकाठी चाळीस-पन्नास डझन बश्या. संध्याकाळी त्या फाटकातून बाहेर पडल्या की भट्टीवाले ओरडायचे, “भुतांची पाळी सुटली रे!” त्यावर ताई एकदा उलटून म्हणाली होती, “या की मग, झपाटते तुम्हाला.” हा विनोद मला शब्दशः आठवतो. पुस्तकात तो नाही. विनोद हा पुरावा नव्हे.

माझ्याजवळ पुरावा नव्हता असेही नाही. मी फाटकासमोरच्या गल्लीत दोन खोल्यांच्या घरात राहत होतो. ताई आली की आई तिला उंबऱ्याबाहेर थांबवून पदर, बाह्या, वेणी झटकायला लावी. आणि ती झटकत असताना उन्हाच्या तिरिपेत जे काही उठे, ते मी आतल्या टेबलाशी बसून, ओल्या दळणाविषयीच्या टिपणांवरून नजर उचलून, पाहत असे. तिच्या पापण्या पांढऱ्या असत. आई म्हणे, “आली माझी पिठाची गोण.” मग कोपरापर्यंत हात धुऊन ताई माझ्या समोर बसे. माझे अक्षर कोणालाच लागत नसे; मार्गदर्शकांनी पहिला मसुदा न वाचता परत केला होता. तिचे अक्षर शाळेत पहिले आले होते, त्या वर्षीच तिची शाळा सुटली. तेव्हा प्रबंधाची सुवाच्य प्रत ती करी. रोज चार पाने. सगळी चारशे दहा पाने तिच्या हातची आहेत. लग्न तिने प्रबंध पुरा झाल्यावर केले. तोवर आलेली दोन स्थळे ‘भावाचं लिहून व्हायचंय’ असे सांगून परत पाठवली होती. म्हणजे ‘धूळ इतिहासात जमा झाली’ हे वाक्य ज्या हाताने सुबक उतरवले, त्या हाताच्या नखांच्या कडेला, धुऊनही, पांढरे होते. मी ते पाहिले. मी त्याला तळटीप दिली नाही, कारण ते कुठे छापलेले नव्हते.

पुढे एका म्हाताऱ्या भट्टीवाल्याने आपल्या आठवणी छापल्या. पातळसे पुस्तक, शुद्धलेखनाच्या नावाने आनंद. त्यात एक ओळ होती: ब्रशखात्यात ओट्यापलीकडची बाई दिसत नसे, तिचा खोकला ऐकून ती आली आहे हे कळे. त्या पुस्तकाचे मी परीक्षण केले. या ओळीला मी अतिशयोक्ती म्हटले आणि तिच्या निमित्ताने एक सुभाषित लिहिले: ‘स्मृती ही पुराव्याची गरीब नातलग आहे; तिला दारातून विन्मुख पाठवू नये, पण तिच्या हाती घराच्या किल्ल्याही देऊ नयेत.’ हे वाक्य फार गाजले. दोन विद्यापीठांत ते पहिल्याच तासाला शिकवतात. म्हातारा त्याच हिवाळ्यात गेला; माझ्या परीक्षणाने नव्हे, फुप्फुसांनी.

रविवारी दुपारी मी ताईकडे गेलो. ती खिडकीशी खुर्चीत बसून होती. आडवे झाले की छातीवर कोणी येऊन बसते, म्हणाली, आणि या वयात अनोळखी माणसाला बसू देणे बरे दिसत नाही. भाचीने चहा आणला. त्या घरातली सगळी भांडी कारखान्याच्या नापास मालातली होती, जशी आमच्या घरी असत. बशी टेबलावर ठेवली की जराशी डुलते. ताईने सवयीने कपाला नखाने टिचकी मारली, कान दिला आणि तो माझ्यापुढे सरकवला.

“घे. याला तडा नाही. नुसता वाकडा आहे, तुझ्यासारखा.”

“ताई, त्या पत्राबद्दल—”

“पाहिलंस ना? पान एकशे बारा.” ती हसली, मग खोकली, मग खोकला संपेपर्यंत खिडकीकडे पाहत राहिली. “मी त्या मुलीला म्हटलं, मामाला कशाला पाठवतेस, तो जिवाला लावून घेईल.”

“ते चूक आहे. मी एकवीस तारखेला तिथे येऊन सांगणार आहे.”

तिचा चेहरा बदलला. लहानपणी मी शाळेला दांडी मारलेली कळल्यावर तो असा होत असे.

“काय सांगणार आहेस?”

“की पुस्तकात चूक आहे.”

“मग येऊ नकोस.”

“आई!” भाची स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

“तू गप. हे बघ, विद्वाना,” ताई थांबली, श्वास गोळा केला, “एकतीस वर्षं ब्रश मारला मी. कप गेले लोकांच्या घरी. फुटलेही असतील एव्हाना. राहिलं काय? ते पुस्तक. त्यात चूक आहे म्हणून चारचौघांत सांगणार, आणि तेही माझ्यासाठी?”

“खाट मिळेल तुला. यंत्र मिळेल.”

“खाटेचं काय, मी बसूनच झोपते.”

भाचीने हातातले फडके ओट्यावर आपटले. “धन्य आहे बाई या खानदानाची! एकाला लिहिताना दिसलं नाही, दुसरीला दिसूनही बोलायचं नाही.” यावर आम्ही दोघांनीही चहा पिणे पसंत केले. जिना उतरताना मला जाणवले की मी संतापलो आहे, आणि मी माझा संताप नेहमीप्रमाणे तपासून पाहिला. कंपनीवरचा जुना होता, टिकाऊ होता, त्याच्या जोरावर मी तीन ग्रंथ लिहिले. मंडळावरचा किरकोळ होता. ताईवरचा लाजिरवाणा होता. उरला तो पान एकशे बारावरचा. त्याला कुठल्याच ग्रंथात जागा नव्हती.

एकवीस तारखेला मंडळ कारखान्याच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर बसले. लिफ्ट बंद होती. तीन मजले चढायला ताईला पंचवीस मिनिटे लागली. प्रत्येक वळणावर ती कठड्याला धरून उभी राही आणि खालून येणाऱ्यांना “जा पुढे, मला घाई नाही” असे सांगे. मला तिने येऊ नकोस म्हटले होते. मी आलेला पाहून तिने माझी कॉलर सरळ केली. खोलीत लांब टेबल होते. मध्यभागी मंडळाच्या अध्यक्षा, पिकल्या केसांच्या डॉक्टरीणबाई. एका कडेला कारकून. दुसऱ्या कडेला कंपनीचा अधिकारी. तो मला पाहून उठून उभा राहिला आणि वाकला. माझा विद्यार्थी निघाला. चेहरा आठवला नाही, पण तळटीप त्याची होती हे लगेच ओळखले.

मी उभा राहिलो. अहवाल दाखवला, खर्डा दाखवला, खोडलेले दोन शब्द दाखवले. डॉक्टरीणबाईंनी चष्मा कपाळावर चढवून ती रेघ जवळून पाहिली.

“म्हणजे अहवालात फक्त दळण विभाग आहे. पण ब्रशखात्यात धूळ होती, असं तरी कुठे लिहिलंय?”

“कुठेच नाही. एका भट्टीवाल्याच्या आठवणींत आहे.”

“सर,” अधिकारी अतिशय आदराने म्हणाला, “त्या आठवणींचं परीक्षण तुम्हीच केलंय. गरीब नातलग वगैरे. आम्ही पाठ केलं होतं, सर. परीक्षेला आलं होतं.”

“मी स्वतः पाहिलं आहे,” मी म्हणालो. “माझी बहीण रोज संध्याकाळी दारात उभी राहून अंगावरची पूड झटकायची.”

“तेव्हा सरांचं वय किती? आणि पाहिलं होतं, तर पुस्तकात का नाही आलं?”

प्रश्न योग्य होता. मी शिकवले तसाच त्याने विचारला होता. डॉक्टरीणबाई ताईकडे वळल्या.

“बाई, तुम्ही सांगा. पुस्तकात लिहिलंय ते खरं आहे की तुमचे भाऊ आत्ता सांगतायत ते?”

ताईने पदर सारखा केला. “पुस्तकात तो चुकीचं लिहिणार नाही. ती प्रत मीच केलीये, माझ्या हातानं.”

अधिकाऱ्याने पेनाचे टोपण लावले. डॉक्टरीणबाईंनी पुढ्यातल्या पुस्तकातल्या त्या ओळीवर बोट ठेवले.

“हे वाक्य तुम्ही उतरवलंत?”

“हो. सोमवार होता. माझा हात भरून आला होता, त्या दिवशी दोन गाडे जास्त आले होते ब्रशाला.”

“म्हणजे तेव्हा तुम्ही ब्रशखात्यात होतात. धूळ होती?”

“होती की. म्हणजे काय! नाकातोंडात जायची. ओट्यापलीकडची दिसायची नाही.”

“मग धूळ गेली असं लिहिताना तुम्हाला काही वाटलं नाही?”

ताईने थोडा विचार केला. तिला अडकवले जात आहे असे तिच्या मनातही नव्हते. शाळेत फळ्याशी बोलावल्यावर द्यावे तसे तिने नीट, पुरे उत्तर दिले.

“वाटलं. पण तो कारखान्याबद्दल लिहीत होता ना? मला वाटलं, आमचं खातं कारखान्यात धरत नसतील.”

कारकून लिहिता लिहिता थांबला. अधिकारी आपल्या कागदांत काहीतरी शोधू लागला, आणि ते तिथे नाही हे त्याला ठाऊक आहे हे मला दिसत होते. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“प्राध्यापक, हे दोन्ही मला लेखी हवं. पुस्तकातलं विधान चूक, आणि ब्रशखात्याची वस्तुस्थिती. ग्रंथकार म्हणून तुमची सही, कामगार म्हणून यांची. असं आलं, तर अपील फेटाळायला माझ्याकडे काही उरत नाही. पण आता, इथेच.”

मी लिहायला बसलो. चार ओळी झाल्यावर कारकुनाने कागद हातात घेतला, उजेडाकडे धरला, उलटा करून पाहिला. “सर, माफ करा. हे लागत नाही.”

“आण इकडे,” ताई म्हणाली. “त्याचं मलाच लागतं.” तिने खुर्ची पुढे ओढली, कागदाखाली दोन कागद मऊपणासाठी घातले, समास दुमडला. “सांग.”

पहिले वाक्य मी सांगितले ते तीन उपवाक्यांचे होते. दुसऱ्याशी तिचा हात थांबला, खांदे वर गेले, आणि तिच्या छातीतून भट्टीचे दार सरकल्यासारखा आवाज आला. मी वाक्य मोडले. पुढचे आणखी लहान केले. चाळीस वर्षांत मी कोणाच्या श्वासाच्या मापाने लिहिले नव्हते.

“ओले दळण आले,” मी म्हणालो.

तिने लिहिले.

“दळण विभागातील धूळ कमी झाली.”

ती ‘विभागातील’ पाशी क्षणभर रेंगाळली. “हे तू खोडलं होतंस. मी विचारलं होतं तुला, राहिलं की काय म्हणून.”

“मी काय म्हणालो होतो?”

“म्हणालास, वाक्य जड होतंय.” तिने नवी ओळ धरली. “पुढे?”

“ब्रशखात्यातील धूळ कमी झाली नाही.”

‘धूळ’ लिहून तिने हात उचलला. “नुसती कमी झाली नाही असं नाही. बोगद्याची भट्टी आल्यावर गाडे तिप्पट यायला लागले. तुझ्या त्या तक्त्यातला एकेक कप माझ्या नाहीतर शेजारणीच्या हातून गेलाय. वाढली होती, लिहू?”

“पुरावा?” मी म्हणालो.

शब्द माझ्या तोंडून निघून गेला होता. ताई रागावली नाही. शाईचा ठिपका पडू नये म्हणून तिने पेनाचे टोक कागदापासून बोटभर वर धरले, जसे ती त्या टेबलाशी, मी शब्द शोधत असताना धरत असे, आणि श्वास जमवत वाट पाहू लागली.

“लिही,” मी म्हणालो.